वर्ग कोणी झाडायचा

मला शिक्षिका व्हायचं होतं, त्यामागं काही थोर विचार नव्हता. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. थोरली अक्का मला हुकूम सोडायची, मी धाकटीला सोडायचे आणि धाकटी तो अजिबात मानायची नाही. शाळेत मात्र एका बाईचं चाळीस मुली मुकाट्यानं ऐकतात, हे मी रोज बघत होते. ते मला फार आवडलं. एवढंच कारण.

आमचं घर चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत. घराणं शिंप्याचं. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर तंबू शिवत आपले लोक बेंगळुरात आले, असं अप्पा सांगायचे. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि अप्पांच्या दुकानात उर्दू, तमिळ, वर चिमूटभर इंग्रजी. दुकान शिवाजीनगरात होतं. बँडवाल्यांचे लाल कोट आणि शाळांचे गणवेश ही त्यांची खासियत. ट्रेनिंग संपवून मला नेमणूक मिळाली ती त्याच भागातल्या एका सरकारी मुलींच्या शाळेत, दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळं आम्ही बापलेक सकाळी एकाच बसनं निघायचो. अप्पांच्या गळ्यात टेप, माझ्या पिशवीत वेताची छडी. छडी मी स्वतः मार्केटात जाऊन, चार वाकवून बघून, पसंत करून आणली होती.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला तीन गोष्टी दिल्या: हजेरीपट, खडूंचा डबा आणि एक सल्ला. मनानं त्या वाईट नव्हत्या. ठेंगण्या, जिना चढताना दम लागायचा, आणि शाळेत कधी कुणाची तक्रार येऊ नये एवढीच त्यांची देवाकडं मागणी होती. त्या म्हणाल्या, शेवटच्या बाकावरच्या तिघी मागच्या वस्तीतल्या आहेत, आयांची रस्ते झाडायची नोकरी आहे, मुली लवकर येतात, त्यांच्याकडून वर्ग झाडून घेत जा, त्यांना सवय असते.

मी मान डोलावली. त्यात मला काही खटकलं नाही, हे मी आज लपवत नाही. एक वर्षभर त्या तिघी रोज सकाळी वर्ग झाडत होत्या आणि त्याच वेळी मी फळ्यावर सुविचार लिहीत असायचे. सगळ्यांना समान मानावं, अशा अर्थाचंही एखादं वाक्य मी सुबक अक्षरात लिहिलं असेल. खडूची पूड खाली पडायची, ती त्यांच्यापैकी एक झाडून न्यायची.

मग एके दुपारी, मधल्या सुट्टीनंतर, त्यांच्यापैकी एकीची आई आली. काम आटोपून, अंघोळ करून थेट आलेली. ओले केस, पदर खोचलेला. ती दाराबाहेरच थांबली. आत या म्हटल्यावरही आत आली नाही. मला वाटलं मुलीच्या तब्येतीचं काही असेल. ती कन्नडमध्येच बोलत होती, पण मधूनमधून तिची घरातली तेलुगू डोकावत होती. आवाज अगदी शांत.

"टीचरम्मा, झाडायला तिला मी शिकवलंय," ती म्हणाली. "त्यात आता तिनं आणखी काही शिकण्यासारखं राहिलेलं नाही. मला येत नाही ते तुम्ही शिकवा."

मी चाचरले आणि खोटं बोलले. म्हणाले, आमच्याकडं सगळ्याच मुली आळीपाळीनं झाडतात.

"सरी," म्हणजे ठीक, ती म्हणाली. "मग उद्या कुणाची पाळी?"

मागं चाळीस मुली गप्प बसून ऐकत होत्या. मला एकही नाव सुचलं नाही. ती मुलीकडं बघून हसली आणि निघून गेली. ना भांडली, ना आवाज चढवला. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी चिडले असते आणि विसरून गेले असते.

संध्याकाळी मी अप्पांच्या दुकानात गेले. ते एका लाल कोटाला सोनेरी फीत लावत होते. मी सगळं सांगितलं, अर्थात स्वतःची बाजू स्वल्प सावरून. अप्पांनी सुई थांबवली नाही. म्हणाले, ते शिकाऊ होते तेव्हा उस्तादानं दोन वर्षं त्यांना फक्त जमिनीवरच्या चिंध्या गोळा करायला लावल्या होत्या. कात्रीला हात लावायची परवानगी नव्हती. उस्तादाचा स्वतःचा मुलगा मात्र पहिल्या आठवड्यात मशीनवर बसला. अप्पांना अजून त्या चिंध्यांचे रंग आठवत होते.

मग त्यांनी विचारलं, "तू झाडतेस का वर्ग?"

मी म्हटलं, नाही.

"मग पहिली पाळी तुझी लाव."

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात यादी लिहिली. चाळीस मुलींची नावं आणि सगळ्यात वर माझं. त्या तिघींना मी पहिला महिना सूट दिली, कारण त्यांचं वर्षभराचं झाडून झालं होतं. पदर खोचून मी केरसुणी हातात घेतली आणि जोरात झाडायला लागले. धुळीचा असा लोट उठला की पहिल्या बाकावरच्या मुली शिंकून बेजार. त्या आईची मुलगी शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून, शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसारखी माझ्याकडं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. टीचर, आधी पाणी शिंपडायचं, ती म्हणाली, आणि खिडकीकडून दाराकडं यायचं, दाराकडून खिडकीकडं नाही. सगळा वर्ग हसला. मीही हसले. वर्गात मी मनापासून हसले तो बहुधा पहिलाच दिवस.

दोन आठवडे गंमत चालली. मग कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीची पाळी आली, आणि तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. आमच्या घरच्या मुली हे काम करत नाहीत, त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. बाईंनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, यादीत माझंही नाव आहे, आणि मीही कुणाच्या तरी घरचीच मुलगी आहे. व्यापारी तडक निघून गेले. मग दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलीला शाळेत पाठवणं बंद केलं. आणखी दोघींची नावं जातील अशी कुजबूज सुरू झाली. बाईंनी मला फार समजावलं, पण यादी पुसा असं काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, जे काय करायचं ते तुमच्या वर्गापुरतं ठेवा आणि मला काही ठाऊक नाही असं समजा.

आठ दिवसांनी ती मुलगी परत आली. तिला घरी करमेना. तिची जिवाची मैत्रीण आमच्या वर्गात होती आणि तिच्या पाळीत हिला तिच्याबरोबर झाडायचं होतं. वडिलांपुढं तिनं दोन दिवस जेवण सोडलं होतं म्हणे. तिनं झाडलेला वर्ग पुन्हा झाडावा लागला, पण ते असो.

हे त्या आईला सांगावं म्हणून मी शाळा सुटल्यावर वस्तीत गेले. शाळेच्या मागच्या फाटकातून चार मिनिटांची वाट. वर्षभरात मी तिथं एकदाही गेले नव्हते. मधे होंगेचं, म्हणजे करंजाचं मोठं झाड, त्याच्या सावलीत बायका बसलेल्या. पहाटे कामावर जायचं, दुपारी परत यायचं, त्यामुळं ही वेळ त्यांच्या हक्काची. ती आई तांदूळ निवडत होती. मी यादीची हकिकत सांगितली. तिला मुलीकडून सगळं आधीच कळलं होतं. मी उलटं झाडलं तेसुद्धा.

मग ती म्हणाली, मुलगी घरी येऊन पुस्तक मोठ्यानं वाचते, पण ती खरंच वाचते की मनानं रचून सांगते हे मला कसं कळायचं? परवा शाळेची चिठ्ठी आणली होती, त्यात तिनं वाचून दाखवलं की मुलीला रोज एक वाटी जास्त दूध द्यावं. मी दिलं. तसं काही लिहिलं होतं का?

मी आठवून सांगितलं, नव्हतं. चिठ्ठी पाढ्यांबद्दल होती.

बायका इतक्या हसल्या की झाडावरचे कावळे उडाले. हसणं ओसरल्यावर तीच म्हणाली, "म्हणजे मलाही वाचता आलं पाहिजे. कधीपासून येता?"

माझा दुसरा वर्ग असा सुरू झाला. शाळा सुटल्यावर, उजेड आहे तोवर, होंगेच्या झाडाखाली. सुरुवातीला सहा जणी, मग अकरा. सगळ्यांत वयस्कर होती तिला सगळे अज्जी म्हणायचे. तिची झाडायची नोकरी सुटायला थोडीच वर्षं राहिली होती आणि तिच्या तोंडाला कुणीच लागायचं नाही.

मी शाळेतलं पहिलीचं पुस्तक घेऊन गेले. अ म्हणजे अरस, राजा. आ म्हणजे आने, हत्ती. अज्जीनं विचारलं, राजे तर आता राहिले नाहीत म्हणतात, मग त्यांचं नाव शिकून काय करू? आणि हत्ती मैसुरात दसऱ्याला. मी त्या दिवशी त्यांना दटावलं. शिकायचं तर शिस्त हवी वगैरे बोलले. सवयीनं पिशवीतली छडी बाहेर काढून झाडाला टेकवलेल्या फळ्यावर आपटली. अज्जी सावकाश उठली, माझ्या हातातून छडी घेतली, पाटीकडं आलेल्या एका कोंबडीला तिनं हाकललं, आणि छडी आपल्या मांडीखाली ठेवून बसली. ती मला परत मिळाली नाही. मागायचा धीर मला झाला नाही.

नवी घ्यायची म्हणून मी पुढच्या रविवारी मार्केटात गेलेही होते. दोन-तीन वाकवून पाहिल्या आणि कोथिंबीर घेऊन घरी आले.

सोमवारी मी बायकांना विचारलं, तुम्हाला कोणता शब्द लिहायचाय? सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि खरं तर मीही कुणाला विचारलं नव्हतं. शेवटी ती आई म्हणाली, नल्ली. म्हणजे नळ.

मी लिहिला. पण तो पाटीवर गिरवून व्हायच्या आत त्या बोलायलाच लागल्या. त्या जिथं हजेरी लावून खराटे आणि टोपल्या ठेवायच्या, त्या आवारात पाणी नव्हतं. काम संपलं की तशाच हातांनी, तशाच पायांनी घरापर्यंत यायचं. बसचा कंडक्टर चढू द्यायचा नाही. वाटेत कुणाच्या दारात पाणी मागितलं तर वरून ओतणार, लांबून, शिंतोडे आपल्यावर उडू नयेत म्हणून. एक जण म्हणाली, माझं तान्हं मूल मी आले की झेप घेतं, आणि मला त्याला आधी लांब सारावं लागतं. हे तिनं हसत सांगितलं. 

मी हातात खडू धरून ऐकत राहिले. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की शिक्षकानं बोलायचं आणि विद्यार्थ्यानं ऐकायचं. त्या दिवशी मी फक्त एक शब्द लिहिला आणि दीड तास गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द अकराही जणींना पाठ होता. अरस आठवडाभर कुणाला येत नव्हता.

तेव्हापासून आमचं तसंच चाललं. शब्द त्यांनी सांगायचा, अक्षरं मी द्यायची. पाणी, हात, खराटा, मेस्त्री, रजा. मेस्त्री म्हणजे त्यांचा मुकादम; तो शब्द लिहिताना अज्जीनं मुद्दाम वाकडा काढला. म्हणाली, माणूस तसाच आहे. हळूहळू माझं शाळेतलं शिकवणंही बदललं. तिथंही मी मुलींना विचारायला लागले. व्यापाऱ्याच्या मुलीनं पहिला शब्द सांगितला तो होता खिडकी, कारण घरी तिला खिडकीत उभं राहू देत नसत. मुख्याध्यापिकाबाई एकदा दाराशी उभ्या राहून बराच वेळ ऐकत होत्या. मी बघितलं तसं, मी फक्त हजेरी बघायला आले होते, असं म्हणून गेल्या.

घरी मात्र आईची वेगळी लढाई चालली होती. वस्तीतून आले की मागच्या दारानं न्हाणीघरात जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच स्वयंपाकघरात पाय ठेवायचा. मी वाद घालायचे, दमायचे आणि अंघोळ करायचे. आईला आणखी एक काळजी होती, माझ्या लग्नाची. मुलगी झाडूवाल्यांच्या वस्तीत जाते हे एकदा कळलं की स्थळं येणार नाहीत. अप्पा म्हणाले, येतील ती आपोआप पारखून आलेली असतील. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

एक दिवस आई स्वतःच आली. तिथं नेमकं काय चालतं ते तिला बघायचं होतं, शक्य तर बंद पाडायचं होतं. येताना घरून बसायला पाट घेऊन आली. करंजाखाली तो मांडून ती अंग चोरून बसली. त्या मुलीच्या आईनं पितळी पेल्यात कॉफी आणली.  आई म्हणाली, आज माझा उपास आहे.

"सरी अम्मा," ती आई म्हणाली, "मग पुढच्या वेळी."

त्या दिवशी कसलाही उपास नव्हता. सकाळी आईनं दोन दोसे खाल्ले होते.

पण आईला तिथं काहीतरी आवडलं असावं. ती पुन्हा आली, आणि पुन्हा. घरात मराठी पोथी वाचणारी माझी आई कन्नड अक्षराला मात्र परकीच होती. पन्नास वर्षं बेंगळुरात राहून तिला बसवरची पाटी वाचता येत नव्हती, आणि हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. ती पाटावर बसून नुसतं बघतेय असं दाखवायची आणि बोटानं मांडीवर अक्षरं गिरवायची. कॉफी प्रत्येक वेळी यायची आणि प्रत्येक वेळी आईचा उपास असायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. त्या वर्षी आईनं पंचांगात नसलेलेही उपास धरले. बायकांना सगळं कळत होतं. अज्जी तर पेला पुढं करतानाच विचारायची, आज कोणत्या देवाचा?

मग एका मंगळवारी आईनं फळ्यावरचा शब्द सगळ्यांच्या आधी वाचला. स्वतःच दचकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या भरात पेला तिच्या हातात आला आणि ती प्यायली. अर्धा झाल्यावर तिच्या लक्षात आलं. म्हणाली, साखर स्वल्प कमी आहे. बाकीची प्यायली. घरी आल्यावर तिनं अंघोळ केली का, हे मी बघितलं नाही. माझ्यासाठी मात्र न्हाणीघरात पाणी काढून ठेवलेलं नव्हतं.

दीड वर्ष झालं असेल. अक्षरं बऱ्यापैकी बसली होती. एके दिवशी ती आई म्हणाली, आता अर्ज लिहू या, नळाचा. मी म्हटलं, मी मसुदा करून देते. ती म्हणाली, नको. तुमचं अक्षर फार छान आहे, ते ऑफिसात लगेच ओळखतील.

मग प्रत्येकीनं एकेक ओळ लिहिली. अर्ज लिहायला चार दिवस लागले. कुणाची ओळ वर चढलेली, कुणाची खाली घसरलेली, एकीचं शेवटचं अक्षर जागा संपल्यामुळं कागदाच्या कडेनं खाली उतरलेलं. त्यात विनंती वगैरे शब्द नव्हते, कारण ते आम्ही शिकलोच नव्हतो. सगळ्यात शेवटी नावं. अंगठा एकही नाही.

वॉर्डाच्या ऑफिसात पाच जणी गेल्या. मी बरोबर यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, पण मला राहवलं नाही, म्हणून मी व्हरांड्यातल्या बाकावर, मला आतलं दिसेल अशी बसले. कारकुनानं अर्ज उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, हे लिहून कुणी दिलं?

आम्हीच लिहिलं, ती आई म्हणाली.

त्यानं हसून एक कोरा कागद पुढं सरकवला. लिहून दाखवा, म्हणाला. अज्जीच आधी पुढं झाली. पदरानं हात पुसला, टाक हातात घेतला आणि उभ्याउभ्याच, जीभ दातांत धरून, लिहायला लागली. किती वेळ लागला कुणास ठाऊक. मागं माणसं खोळंबली होती, पण सगळी वाकून बघत होती. तिनं लिहिलं, हात धुवायला नळ पाहिजे. मग मान वर करून कारकुनाला विचारलं, "तुमचंही नाव लिहू का? येतं मला. बाहेर पाटीवर वाचलं."

त्यानं गडबडीनं अर्जावर शिक्का मारला.

नळ यायला चार महिने लागले. आणि आला तो चुकीच्या बाजूला. प्लंबरनं तो आवाराच्या आत बसवायचा, तर भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेला बसवून टाकला. मला वाटलं, आता पुन्हा अर्ज. पण बायकांना भिंतीबाहेरचा नळ चालत होता. पहाटे आणि दुपारी त्याच आधी तिथं पोचायच्या. उन्हाळ्यात त्या भागातलं पाणी आटलं तसे आजूबाजूच्या घरांतले लोक घागरी घेऊन तिथं यायला लागले, वरून पाणी ओतणारे तेही. रांग लागायची. पुढं खराटेवाल्या बायका, मागं बाकीचे. अज्जी सगळ्यात पुढं राहून अगदी सावकाश, कोपरापर्यंत, हात धुवायची. मी मुद्दाम दोनदा बघायला गेले होते.

याचा परिणाम माझ्यावर व्हायचा होता तो झाला. मेस्त्रीनं कुठंतरी सांगितलं की सरकारी शाळेची शिक्षिका कामगार बायकांना चिथावते. माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की मी त्यांना अक्षरं शिकवली, शब्द त्यांचे होते. हे वाक्य मला फार आवडलं होतं. वरिष्ठांना आवडलं नाही. बदलीचा हुकूम आला. व्हाइटफील्डच्या पुढचं एक खेडं. मुख्याध्यापिकाबाईंनी तो हुकूम माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी मला खिडकीशी नेऊन बाजूचा वर्ग दाखवला. त्या वर्गाच्या फळ्यावरही कोपऱ्यात झाडायच्या पाळीची यादी होती. मी सांगितलेलं नव्हतं हं, त्या म्हणाल्या.

निरोपाला बायकांनी मला करंजाखाली बोलावलं. मला वाटलं हारतुरे असतील. ती आई म्हणाली, आज तुमची परीक्षा. दोन वर्षं तुम्ही आम्हाला कन्नड शिकवली. ती तुमच्या घरची नाही आणि आमच्याही घरची नाही. आज आमच्या घरचं बोला. आणि तिनं मला तेलुगूत तीन वाक्यं बोलायला लावली. मी जे बोलले त्याचा अर्थ काय झाला ते मला कुणी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण अज्जी पोट धरून जमिनीवर आडवी झाली. मला नापास केलं गेलं आणि पुन्हा यावं लागेल असं सांगितलं. वर्ग बंद पडणार नव्हता. ती आई स्वतःच आता नव्या चार जणींना शिकवत होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा मोठं आणि ठळक होतं.

खेडेगावातली शाळा म्हणजे एक खोली, समोर नाचणीची शेतं. सकाळच्या गाडीनं जायचं आणि स्टेशनापासून तीन मैल चालायचं. गावातल्या लोकांना अनुभव होता की इथं येणारा प्रत्येक शिक्षक शिक्षा म्हणून येतो. पाटलांनी पहिल्या दिवशी सरळ विचारलं, तुम्ही काय केलंत? मी सांगितलं.  ते म्हणाले, याआधीचे एक जण दारू पिऊन आले होते, त्यामानानं तुमचं बरं आहे. किती दिवस राहणार? मी म्हटलं, ठाऊक नाही.

मुलं माझ्या शहरी कन्नडला हसली. मी त्यांना म्हटलं, मग तुम्ही कसं म्हणता ते सांगा. त्यांनी सांगितलं. पहिला आठवडा शिकवण्याचं काम त्यांनीच केलं. मजुरांची मुलं खोलीच्या बाहेर, ओट्यावर बसत होती. तशी तिथली पद्धत होती. आठव्या दिवशी मी माझी खुर्ची उचलून ओट्यावर नेली. दुपारपर्यंत आतली मुलं एकेक करून बाहेर आली, कारण आत बसून काही ऐकू येत नव्हतं. महिनाभर शाळा ओट्यावर भरली. मग पावसाची सर आली तेव्हा सगळी एकदमच आत पळाली, आणि जिथं जागा मिळेल तिथं, कुणीही कुणाच्याही शेजारी बसली.  पाटील दुपारी डोकावले आणि बघून निघून गेले.

दोन वर्षांनी माझी शिक्षा संपली. शहरात परत बदली केल्याचं पत्र आलं, ते घेऊन मी ऑफिसात गेले आणि बदली रद्द करावी असा अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला. म्हणाला, टीचर, तुमच्याकडून एक शब्द चुकलाय, तुम्हाला रद्द करू नये असं म्हणायचं असेल.

मी म्हटलं, शब्द बरोबर आहे. आणि त्या दिवशीची अकराची गाडी पकडायला धावले, कारण मुलांना मी दोनच्या आत येते म्हणून सांगून आले होते.